'ओक' म्हणणाऱ्यांचा मुलूख

फ्रान्सच्या दक्षिणेला ओद जिल्ह्यात शिरताना रस्त्याकडेला एक पाटी लागते: 'तुम्ही कॅथारांच्या देशात आला आहात.' पुढे डोंगरमाथ्यांवर केरिब्यूस आणि पेरपेर्त्यूजसारखे किल्ले दिसू लागतात. पाहणाऱ्याला वाटते, चर्चने पाखंडी ठरवलेल्या त्या ख्रिस्ती लोकांनी आठशे वर्षांपूर्वी याच तटांआड शेवटचा लढा दिला असणार. प्रत्यक्षात आज उभा असलेला बहुतेक तट त्यांचा पाडाव झाल्यानंतरचा आहे. आरागोनच्या सीमेवर पहारा ठेवण्यासाठी फ्रान्सच्या राजाने तो बांधून घेतला. म्हणजे जिंकणाऱ्याची बांधकामे आज हरलेल्यांची स्मारके म्हणून दाखवली जातात.

मध्ययुगीन ऑक्सितान लोकांबद्दलचा, म्हणजे दक्षिण फ्रान्सची ऑक्सितान भाषा बोलणाऱ्यांबद्दलचा, सगळा वाद या पाटीत अडकून पडला आहे. एका बाजूला भाबडे भक्त आहेत. त्यांच्या लेखी १२व्या शतकातला तो प्रदेश म्हणजे प्रेमाचे, सहिष्णुतेचे आणि स्त्रीस्वातंत्र्याचे नंदनवन. उत्तरेतून लोभी सरदार आले आणि त्यांनी त्याची राखरांगोळी केली. दुसऱ्या बाजूला चिकित्सक आहेत. कॅथार नावाचा संघटित पंथ तिथे नव्हताच, तो आधी पाद्र्यांनी आणि मग १९व्या शतकातल्या स्वप्नाळू लेखकांनी रचला, असे काही इतिहासकार गेली पंचवीसेक वर्षे मांडत आहेत. त्यात अभ्यास आहे आणि तो वाचावाच. पण त्याच्या आधाराने पुढची उडी मारली जाते ती मला पटत नाही. कॅथार कल्पित, म्हणून ऑक्सितान लोकही कल्पित. पर्यटन खात्याने आणि प्रादेशिक अस्मितेने उभे केलेले बाहुले.

दोन्ही बाजूंची फूटपट्टी एकच आहे, आणि ती चुकीची आहे. लोक म्हणजे राज्य, किंवा लोक म्हणजे पंथ, दोन्ही नसेल तर काहीच नाही! माझे म्हणणे असे की ऑक्सितान लोक होते, त्यांच्या असण्याचा पुरावा त्यांच्या भाषेत आहे, आणि त्यांची जी हानी झाली तिच्यात तलवारीपेक्षा कचेरीचा आणि शाळेचा वाटा मोठा आहे.

चिकित्सकांचे बरेचसे खरे आहे, ते आधी मान्य करतो. 'कॅथार' हा शब्द १२व्या शतकात ऱ्हाईनकाठच्या एका मठातल्या लेखकाने तिकडच्या पाखंड्यांसाठी वापरला होता. तुलूझ आणि आल्बीच्या आसपासचे लोक आपल्या विरक्त उपदेशकांना 'बोन्स ओमेस' आणि 'बोनास फेम्नास' म्हणत, म्हणजे भली माणसे, भल्या बाया. 'ऑक्सितान' हे नावही त्या काळच्या कुणी स्वतःला लावलेले नाही. कवी आपल्या भाषेला कधी 'लेमोझी' म्हणत, कधी 'प्रोएन्साल', कधी नुसतेच 'रोमांस'. ऑक्सितान भाषेचा मुलूख असा उल्लेख १३व्या-१४व्या शतकांच्या वळणावर राजाच्या लॅटिन दफ्तरात येतो.

राजकीय ऐक्याची तर बातच नको. तुलूझचे काउंट, त्रँकाव्हेल घराणे आणि आरागोनचे राजे पिढ्यानपिढ्या एकमेकांशी भांडत होते. जून १२०९ मध्ये तुलूझच्या सहाव्या रेमोंने साँ-जिलच्या चर्चसमोर उघड्या अंगावर फटके खाल्ले, पोपची माफी मिळवली आणि पाखंड्यांविरुद्ध पोपने पुकारलेल्या, आपल्याच मुलखावर चालून येणाऱ्या धर्मयुद्धात स्वतः क्रूस घेतला, म्हणजे तो त्यात सामील झाला. महिनाभरात ती फौज बेझियेवर कोसळली. बेझियेचा धनी रेमों-रोजे त्रँकाव्हेल हा त्याचा सख्खा भाचा. मामा हल्लेखोरांच्या छावणीत आणि भाचा कार्कासोनच्या तटाआड! पुढे नोव्हेंबरात तो भाचा अंधारकोठडीत मेला. याला राष्ट्र कोण म्हणेल?

नंदनवनाचे चित्रही टिकत नाही. त्रुबादूर (या भाषेतले कवी-गायक) म्हणजे प्रेमाचे गायक आणि धर्मयुद्ध म्हणजे त्यांचे शत्रू, ही वाटणी फोल्केत या एकाच माणसापाशी मोडते. मार्सेचा हा व्यापारी नावाजलेला प्रेमकवी होता. मग तो मठात गेला, तुलूझचा बिशप झाला आणि धर्मयुद्धाच्या कट्टर पाठीराख्यांपैकी एक ठरला. स्त्रियांचे म्हणाल, तर नार्बोनची एर्मेनगार्द १२व्या शतकात जवळजवळ पन्नास वर्षे स्वतःच्या अधिकारात राज्य करत होती आणि वीसेक कवयित्रींची नावे आपल्याला माहीत आहेत. पण त्याच भाषेतल्या 'पास्तोरेला' प्रकारात घोडेस्वार सरदार रानातल्या गुराखीणीला गाठतो, आणि सगळ्या कवितांत ती शब्दांनी त्याला परतवून लावतेच असे नाही. साँ-जिलला रेमोंकडून घेतलेल्या शपथांत एक कलम होते, ज्यूंना सार्वजनिक अधिकारपदांवरून काढण्याचे. म्हणजे तोवर ज्यू त्या पदांवर होते. ही त्या मुलखाची वहिवाट होती. तिला आजच्या अर्थाने सहिष्णुतेचे तत्त्व म्हणणे मला धाडसाचे वाटते, आणि तिला शून्य मानणे अन्यायाचे.

एवढे सगळे वजा केल्यावर काय उरते? एक भाषा उरते, आणि ती लहानसहान गोष्ट नाही.

दान्तेने १४व्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या भाऊबंद भाषांची विभागणी 'हो' या शब्दावरून केली. कुणी 'सी' म्हणते, कुणी 'ओईल' म्हणते, कुणी 'ओक' म्हणते. आपल्याकडे 'होय' आणि 'व्हय' ऐकून माणसाचे गाव ताडतात, तसेच हे. ओक म्हणणाऱ्यांचा पट्टा आल्प्सपासून अटलांटिकपर्यंत पसरलेला होता. ज्याच्या कविता हाती आहेत असा त्यांचा पहिला कवी म्हणजे आक्विटेनचा ड्यूक नववा गिल्येम, मृत्यू ११२६. त्याच्यापासून पुढच्या दोनेक शतकांत साडेचारशेच्या आसपास कवींची नावे आणि अडीच हजारांच्या घरात कविता उरल्या आहेत. त्यांत राजे आहेत, तुलूझच्या फरचे कपडे करणाऱ्याचा मुलगा आहे, आणि बेर्नार्त दे व्हेन्तादोर्न आहे, ज्याची आई किल्ल्यातली भट्टी पेटवायची असे जुने चरित्र सांगते. या बेर्नार्तचे एक गाणे चंडोलापासून सुरू होते. सूर्यकिरणाला भिडून आनंदाने पंख हलवणारा चंडोल हृदयात दाटलेल्या गोडव्याने स्वतःला विसरतो आणि खाली पडू देतो. हे पाहून कवीला हेवा वाटतो, कारण त्याला तसे विसरता येत नाही. भट्टीवालीच्या मुलाने रचलेले हे गाणे पुढे अनेक भाषांतल्या कवींनी अनुसरले.

या कवींची भाषा एकमेकांशी इतकी जुळलेली होती की कवी गास्कनीचा की ओव्हेर्न्यचा हे नुसत्या कवितेवरून सांगणे अवघड जावे. ती कुण्या राजाने ठरवून दिली नव्हती, गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी फिरून फिरून घडवली. १२००च्या सुमारास कातालोनियातल्या रायमोन व्हिदालने तिच्यात नीट कविता कशी करावी याचे नियम लिहिले, तर १२४०च्या सुमारास उक फाइदितने इटलीतल्या शिकणाऱ्यांसाठी तिचे व्याकरण रचले. मांतुआचा सोर्देल्लो आणि जेनोआचा लांफ्रांको चिगाला इटालियन असून या भाषेत लिहीत. परक्या देशातली माणसे व्याकरणाचे पुस्तक घेऊन जी भाषा शिकतात, ती १९व्या शतकाची कल्पना कशी असेल? दान्तेने आपल्या महाकाव्याच्या शुद्धिलोकात आर्नो दानिएल या त्रुबादूराला उभे केले तेव्हा त्याच्या तोंडी इटालियन घातली नाही. आठ ओळी आर्नो आपल्या भाषेत बोलतो. इटालियन भाषेचा पाया घालणाऱ्या कवीने आपल्या सर्वांत मोठ्या काव्यात दुसऱ्या भाषेला दिलेला हा मान आहे.

राज्य नव्हते म्हणून लोक नव्हते, हा नियम इतरत्र कुणी लावत नाही. इटलीचे राज्य १८६१चे, जर्मनीचे १८७१चे. म्हणून दान्तेच्या काळी इटालियन नव्हते असे कुणी म्हणत नाही. आपल्याकडे त्याच १३व्या शतकात चक्रधरस्वामी 'महाराष्ट्री असावे' असे सांगत होते. महाराष्ट्र नावाचे राज्य व्हायला १९६० उजाडले, पण स्वामींच्या शिष्यांना महाराष्ट्र कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कळत होते. नागदेवाचार्यांनी केशिराजांना संस्कृतात लिहू नको, माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असे म्हटले. जवळपास त्याच काळात तिकडे नव्या कराराचे ऑक्सितान भाषांतर भल्या माणसांच्या हाती होते; त्याची एक प्रत, त्यांच्या दीक्षाविधीसह, लियोंमध्ये आजही आहे. धर्म म्हातारीच्या भाषेत यावा असे दोन्हीकडे कुणाला तरी वाटले. भाषा माणसांना एकत्र धरते ती अशी, सनद नसताना.

आता तलवारीकडे येऊ, कारण भक्तांचे सगळे बळ तिथे आहे. २२ जुलै १२०९ला बेझियेत कत्तल झाली. फौजेचे नेतृत्व करणाऱ्या आर्नो आमाल्रिक या पोपच्या प्रतिनिधीने पोपला कळवले की दर्जा, वय, स्त्री-पुरुष असे काही न पाहता जवळजवळ २०,००० लोक कापले. आकडा फुगवलेला असावा. 'सगळ्यांना मारा, देव आपली माणसे ओळखेल' हे त्याच्या तोंडी घातलेले वाक्य काही वर्षांनी एका जर्मन साधूने ऐकीव म्हणून लिहिले. पण शहराच्या बिशपने पाखंड्यांची जी यादी आणली होती तिच्यात सव्वादोनशेच्या आसपासच नावे होती, हे विसरू नये. बाकी मेले ते पोपला मानणारे ख्रिस्तीच. त्यांना शहर सोडून जाण्याची संधी दिली होती. शेजाऱ्यांची नावे हवाली करून बाहेर पडायला ते तयार झाले नाहीत. तत्त्वज्ञान काहीही असो, शेजार नावाची गोष्ट त्या दिवशी त्या शहरात होती.

या युद्धावर ऑक्सितानमध्येच एक मोठे काव्य आहे. त्याचा पहिला कवी धर्मयुद्धाच्या बाजूचा, दुसरा अनामिक कवी तुलूझच्या बाजूचा. २५ जून १२१८ला तुलूझच्या वेढ्यात धर्मयुद्धाचा सेनापती सिमों द मोंफोर मेला, तो प्रसंग या दुसऱ्याने लिहिला आहे. गोफणयंत्र शहरातल्या बायका आणि मुली ओढत होत्या. दगड सुटला आणि जिथे जायला हवा होता नेमका तिथेच गेला. पुढे सिमोंच्या थडग्यावरचा गौरवलेख पाहून कवी म्हणतो: माणसे मारून, रक्त सांडून, बायका-पोरांची कत्तल करून जर या जगात येशू मिळत असेल, तर याने मुकुट घालून स्वर्गात झळकलेच पाहिजे. एकाच भाषेत, एकाच काव्यात दोन्ही बाजू बोलतात. ऑक्सितान लोक एका मताचे नव्हते याचा हा पुरावा आहेच, पण वाद घालायला त्यांच्याकडे एक सामाईक जागा होती याचाही तो पुरावा आहे.

मग युद्धाने भाषा मेली का? नाही. भक्तांना हे नको असते, पण १२२९च्या तहाने लढाई संपली तेव्हा लोक कालच्यासारखेच बोलत होते. त्या तहातली खरी कलमे वेगळी होती. तुलूझच्या सातव्या रेमोंची मुलगी झान राजाच्या भावाला द्यायची. तुलूझला विद्यापीठ काढायचे, काउंटच्या खर्चाने, पाखंड निपटण्यासाठी, आणि तिथले शिक्षण लॅटिनमध्ये. झान आणि तिचा नवरा १२७१ला निपुत्रिक वारले आणि काउंटचा मुलूख राजाच्या खात्यात जमा झाला. दरबार गेले तसे कवींचे पोशिंदे गेले. १२९२ला गिराउत रिकिएर लिहितो की मी फार उशिरा जन्मलो, शेवटच्यांत आलो. तरीही १३२३ला तुलूझच्या सात नागरिकांनी काव्यसभा स्थापली आणि पुढच्या मे महिन्यात सर्वोत्तम कवितेला सोन्याचे व्हायोलेटचे फूल दिले.

कचेरीची पद्धत कशी असते ते पाहायचे तर चौकशी दरबाराच्या (इन्क्विझिशन, पाखंड शोधणारे चर्चचे न्यायासन) वह्या उघडाव्यात. १२४५-४६ मध्ये तुलूझच्या साँ-सेर्नां मठात दोन डॉमिनिकन साधूंनी पाच हजारांवर माणसांना उभे करून विचारले: भली माणसे पाहिलीस का, कुठे, त्यांच्यापुढे वाकलास का, त्यांनी आशीर्वाद दिलेली भाकरी खाल्लीस का. उत्तरे ऑक्सितानमध्ये आली आणि लेखनिकाने ती लॅटिनमध्ये उतरवली. त्या लोकांचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो त्यांच्या फिर्यादीच्या भाषेत गाळून. १३२०ला पामियेच्या बिशपसमोर बेआत्रिस दे प्लानिसोलची झडती झाली तेव्हा तिच्या सामानात नातवंडांच्या वाळलेल्या नाळा निघाल्या. बिशपला चेटकाचा संशय. तिने सांगितले, या जवळ असल्या की कोर्टातला खटला हरत नाही असे एका बाईने शिकवले होते. खटला ती हरली. आधी कैद झाली, मग सुटका, पण कपड्यांवर पिवळे क्रूस लावून. पाखंड, चेटूक, प्रवाद यांच्या लॅटिन गर्दीत त्या नाळा मला सगळ्यांत खऱ्या वाटतात. कॅथार होते की नव्हते या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. एक आजी होती, तिचा एक समज होता, आणि तिच्या न्यायाधीशाने तो तिच्या भाषेत ऐकून परक्या भाषेत नोंदवला.

पुढची पाचशे वर्षे मी भरभर सांगतो, कारण गोष्ट एकाच दिशेने जाते. १५३९ला राजाच्या फर्मानाने न्यायालयाचे आणि दस्तांचे कागद फ्रेंचमध्ये आले. १६९४ला तुलूझची ती काव्यसभा चौदाव्या लुईच्या सनदेने फ्रेंच काव्याची अकादमी झाली. १७९४ला आबे ग्रेग्वार या पाद्री सभासदाने राज्यक्रांतीच्या सभेपुढे अहवाल ठेवला. त्याचा विषय: 'पात्वा', म्हणजे गावंढळ बोली, नष्ट करण्याची गरज आणि उपाय. किमान ६० लाख फ्रेंच लोकांना राष्ट्रभाषा येत नाही, हे त्याने त्यात लिहिले. मग १८८०च्या दशकात सक्तीची शाळा आली आणि तिच्याबरोबर 'सेन्याल', म्हणजे खूण. वर्गात किंवा मैदानात घरची भाषा बोलताना सापडलेल्या मुलाकडे एक लाकडाचा तुकडा नाहीतर तसलीच वस्तू द्यायची. त्याने ती दुसऱ्या चुकणाऱ्याला पकडून त्याच्याकडे द्यायची. संध्याकाळी ज्याच्या हातात राहील त्याला शिक्षा. आठ वर्षांच्या पोराला मित्राच्या तोंडावर पाळत ठेवायला शिकवणे! बेझियेच्या बायाबापड्यांनी जे नाकारले ते इथे रोजचा धडा झाले. ऑक्सितान लोक या काळाला 'वेर्गोन्या' म्हणतात. शब्दाचा अर्थ लाज.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप ग्रेग्वारच्या बाजूने येतो आणि तो झटकून टाकता येत नाही. हा माणूस दुष्ट नव्हता. गुलामी संपावी आणि ज्यूंना नागरिकत्व मिळावे म्हणून तो झगडला. त्याचा युक्तिवाद असा की कायदा ज्या भाषेत आहे ती शेतकऱ्याला येत नसेल तर समता ही थापच राहते. एक भाषा आली म्हणून शेतकऱ्याचा मुलगा वकील झाला, न्यायाधीश झाला. हे घडले, खरेच घडले. पण फ्रेंच शिकवण्यासाठी ऑक्सितान विसरायला लावण्याची गरज काय होती? सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदतात, आणि तिथली माणसे कोर्टात कमी पडत नाहीत. एका डोक्यात एकच भाषा मावते हे गृहीतक ग्रेग्वारने तपासले नाही. समतेच्या नावाखाली त्याने राजाच्याच फर्मानाचे काम पुरे केले.

'ती भाषा नव्हे, बोली आहे' हे वाक्य मराठी माणसाने ऐकले की त्याने थोडे थांबावे. १६८४ला गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. तो आपल्याला जुलूम वाटतो, आणि तो जुलूमच होता. पण नंतर कोकणी ही मराठीची बोली आहे, तिला वेगळे स्थान कशाला, हे कुणी म्हटले? आपल्यातल्याच शिकल्यासवरल्या लोकांनी, पुस्तकांतून आणि सभांतून. साहित्य अकादमीने कोकणीला १९७५ला मान्यता दिली, आठव्या अनुसूचीत ती १९९२ला आली. ऑक्सितानला पात्वा म्हणणाऱ्या पॅरिसकराला हसण्याआधी हा आपला हिशेब आपल्याला माहीत असावा.

हा सगळा वाद म्हणूनच जुन्या पोथ्यांचा राहत नाही. फ्रान्सच्या राज्यघटनेत १९९२ला 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे' हे वाक्य आले. २००८ला प्रादेशिक भाषा देशाच्या वारशाचा भाग आहेत असेही जोडले गेले. वारसा म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू, एवढाच अर्थ त्यातून निघाला. १९७९पासून ऑक्सितानमधून शिकवणाऱ्या शाळा चालतात. त्यांचे नाव 'काळांद्रेता', छोटा चंडोल. २०२१ला संसदेने प्रादेशिक भाषांतून पूर्ण शिक्षण देण्याला कायद्यात जागा दिली आणि घटना परिषदेने ती घटनाबाह्य ठरवून काढली. 'ऑक्सितान असे कुणी नव्हतेच' हे चिकित्सक वाक्य ग्रंथालयातून बाहेर पडून अशा निर्णयांच्या टेकूला जाते. त्याला अडवायचे तर कॅथारांच्या किल्ल्यांचे भांडवल उपयोगी नाही, कारण ते एका धक्क्यात कोसळते. रायमोन व्हिदालचे नियम आणि बेर्नार्तचा चंडोल कोसळत नाहीत.

मोंपेल्येजवळ व्हिलनव्ह-ले-मागलोन नावाचे गाव आहे. वेशीवर फ्रेंच नावाखाली त्यांनी 'विलानोवा दे मागालोना' अशी ऑक्सितान पाटी लावली. तक्रार गेली. त्या नावातल्या 'ओ'वरचे चिन्ह फ्रेंचमध्ये नाही, हाही मुद्दा तक्रारीत होता. २०१०ला न्यायालयाने पाटी काढायला सांगितली. २०१२ला मार्सेच्या वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या पाटीवर कॅथार हा शब्द नाही, किल्ल्याचे चित्र नाही. गावाचे नाव आहे, तिथले लोक घेत आले तसे, 'ओ'वरच्या चिन्हासकट.